टेदर केबल तरंगणारी घ्यावी की पाण्याइतक्याच वजनाची?

टेदर म्हणजे पाण्याखाली चालणाऱ्या दूरनियंत्रित यंत्राला वरच्या नियंत्रकाशी जोडणारी केबल. आपण दिलेल्या माहितीनुसार आपल्या यंत्राच्या बॅटऱ्या यंत्रावरच आहेत, खोली ५० मीटरपर्यंत आहे आणि काम आधी धरणाच्या जलाशयात, नंतर मालवणच्या समुद्रात करायचे आहे. त्यासाठी आपण हलकी, तरंगणारी केबल शोधत आहात. माझ्या मते तरंगणे हा निकष दुय्यम आहे. केबल पाण्याइतक्याच घनतेची असावी आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे ती शक्य तितकी बारीक असावी.

घरातली साधी नेटवर्क केबल सुमारे ५ मिमी जाड आणि मीटरला सुमारे ३० ग्रॅम भरते, पण ती जेमतेम २० ग्रॅम पाणी बाजूला सारते. म्हणजे ५० मीटर केबल पाण्यात अर्धा किलो जड राहते आणि तळाच्या खडकांत, जुन्या जाळ्यांत अडकते. याउलट फार तरंगणारी केबल पृष्ठभागाकडे कमान करून वर येते, यंत्राचे शेपूट उचलते आणि बोटीच्या पंख्यापाशी जाण्याचा धोका निर्माण करते. गोड्या पाण्यात समतोल असलेली केबल समुद्रात किंचित वर येईल. पण ४ मिमी व्यासाला हा फरक मीटरमागे अर्ध्या ग्रॅमहूनही कमी असल्याने दोन वेगळ्या केबल घेण्याचे कारण नाही.

खरा त्रास देतो तो पाण्याचा रोध. अर्धा मीटर प्रतिसेकंद, म्हणजे साधारण एक नॉट प्रवाहात ५० मीटर केबल आडवी असेल आणि रोध गुणांक १.२ धरला, तर ७.६ मिमी व्यासावर सुमारे ६ किलो ओढ येते आणि ४ मिमी व्यासावर ३ किलोच्या आसपास. पाण्याखालील यंत्रे बनवणाऱ्या ब्लू रोबोटिक्स कंपनीच्या, तारांच्या चार जोड्यांच्या आणि एका जोडीच्या केबल याच दोन मापांच्या आहेत, त्यामुळे ही तुलना काल्पनिक नाही. छोट्या थ्रस्टरसाठी, म्हणजे यंत्राला ढकलणाऱ्या पंख्यांसाठी, हा फरक निर्णायक ठरतो.

बारीक केबल परवडते ती वीज वरून पाठवायची नसल्यामुळेच. २४ गेजच्या (सुमारे अर्धा मिमी जाडीच्या) तांब्याच्या तारांच्या जोडीचा १०० मीटरला येण्याजाण्याचा विद्युत रोध सुमारे १७ ओहम असतो. १२ व्होल्टवर त्यातून थ्रस्टर चालणे शक्य नाही. फक्त चित्र आणि नियंत्रण पाठवायचे असेल, तर एक पिळलेली जोडी आणि दोन्ही टोकांना होमप्लग प्रकारचे पॉवरलाइन मॉडेम (दोनच तारांवरून नेटवर्कचा डेटा पाठवणारी उपकरणे) पुरे होतात. साध्या १०० मेगाबिट इथरनेटला मात्र दोन जोड्या लागतात आणि त्याची मर्यादा १०० मीटर आहे.

आवरणाकडे बारकाईने पाहावे. तांब्याची घनता पाण्याच्या जवळपास नऊपट असल्याने ती भरून काढायला फेसाळ आवरण वापरतात. पण ५० मीटरवर एकूण दाब सहा वातावरणांइतका होतो आणि मऊ फोममधील हवा दबून केबल जड होते. म्हणून विक्रेत्याकडून किती खोलीपर्यंत घनता टिकते, हे लेखी घ्यावे. केबलवर ठरावीक अंतराने फोमचे तुकडे बांधण्याची पद्धत मला पसंत नाही. ते दबतात आणि प्रत्येक तुकडा अडकण्याची नवी जागा होतो. गरज पडलीच, तर जाळ्याचे टणक बोये यंत्रापासूनच्या पहिल्या काही मीटरांत लावावेत.

ताण पेलण्यासाठी आत ॲरामिड किंवा डायनिमा या मजबूत कृत्रिम तंतूंचे धागे असावेत. डायनिमा पाण्याहून हलका असल्याने वजनाचा बोजा वाढवत नाही. हे धागे यंत्राच्या सांगाड्याला स्वतंत्र बांधावेत, म्हणजे ताण जलरोधक जोडावर येणार नाही. तसेच तारांमधील पोकळी जेलने भरलेली आहे का, हे विचारावे. नसल्यास आवरणाला पडलेल्या एका चिरेतून शिरलेले पाणी केबलमधूनच इलेक्ट्रॉनिक्सच्या डब्यापर्यंत पोहोचते.

पूर्ण रीळ घेण्याआधी एक मीटरचा नमुना मागवावा, दोन्ही टोके गोंदाने बंद करावीत आणि तो आधी साध्या पाण्याच्या बादलीत व मग लिटरला ३५ ग्रॅम मीठ घातलेल्या पाण्यात सोडून पाहावा. आवरणाला चिकटलेले बुडबुडे आधी हाताने पुसून काढावेत, नाहीतर जड केबलही तरंगताना दिसते.