विचारा की ओ : सेन्सेईंना चादर पाठवू की टॉवेल?

या वेळी परदेशातल्या ट्रेनिंगवरची तीन पत्रं एकाच आठवड्यात आली, म्हणून तिन्ही एकत्रच घेतोय. पत्रं लांबलचक होती, ती कापलीत आणि नावं गाळलीत.

प्रश्न : मी अक्कलकोट रोड एमआयडीसीत एका टॉवेल कारखान्यात सुपरवायझर आहे. मालकांनी मला जपानला, इमाबारी या टॉवेलच्या गावाला, दहा महिने ट्रेनिंगला पाठवलं होतं. तिथल्या सेन्सेईंनी, म्हणजे शिकवणाऱ्या गुरुजींनी, घरच्या पोरासारखं शिकवलं, ताप आला तेव्हा खोलीवर भाताची पेज आणून दिली. येताना मी त्यांना शब्द दिला की सोलापुरात तुमच्यासारखा कारखाना करून दाखवतो. येऊन आठ महिने झाले. मी सेइरी (नको ते काढणं), सेइतोन (जागच्या जागी ठेवणं), सेइसो (स्वच्छता), सेइकेत्सु (तीच पद्धत कायम ठेवणं), शित्सुके (शिस्त) असे पाच बोर्ड लावले, रोज सकाळी दहा मिनिटं मीटिंग ठेवली, पण कोणी ऐकत नाही, कामगार मागून 'जपान्या' म्हणतात, मालकही कंटाळलेत. या लाजेपायी सेन्सेईंना एक पत्रसुद्धा टाकलेलं नाही. त्यांना चादर पाठवू की टॉवेल, की आधी काहीतरी करून दाखवू आणि मग पाठवू?

उत्तर : आधी पाठवा. करून दाखवल्यावर पाठवतो म्हणणारे कधीच पाठवत नाहीत, हे मी स्वतःवरून सांगतो.

मी १९९२ ला गेलो होतो. ओसाकाच्या सेंटरला सहा आठवडे जपानी भाषा शिकलो आणि मग माग बनवणाऱ्या एका कंपनीत सात महिने. आयटीआय झालेला, वडील मिलमध्ये जॉबर (मागांचं सेटिंग करणारा मुकादम), स्वतःला लई शहाणा समजणारा मी, आणि तिथं पहिल्या आठवड्यात सेन्सेईंनी हातात काय दिलं तर फडकं. मशीनला हात लावायचा नाही, फक्त पुसायची. डोकं फिरलं माझं, म्हटलं एवढ्या लांब काय झाडलोट करायला आलो का. तिसऱ्या दिवशी मागाखाली आडवा होऊन पुसत होतो तर एका जागी तेलाचा थेंब, पुसला की थोड्या वेळानं परत तिथंच. मी तीनदा पुसला. चौथ्यांदा सेन्सेई येऊन शेजारी उकिडवे बसले, थेंबावर बोट टेकवलं, वास घेतला आणि ते बोट हळूहळू वर वर नेत एका सैल झालेल्या जोडावर नेऊन ठेवलं. एक शब्द बोलले नाहीत. मग नट आवळायला पाना माझ्याच हातात दिला.

त्या दिवशी मला कळलं की सेइसो म्हणजे स्वच्छता नव्हे, तपासणी. पुसताना हात फिरतो तिथं नजर फिरते आणि बिघाड व्हायच्या आधी सापडतो. आता मला सांगा, हे तुमच्या बोर्डावर कुठं दिसतं? बोर्डावर नुसता शब्द आहे, तोसुद्धा जपानी, मराठी अक्षरात, आणि तो लावलाय कुणासमोर, तर आपल्या पूर्व भागातल्या, घरात तेलुगू बोलणाऱ्या माणसासमोर. तो बिचारा मनात काय म्हणत असेल! तुम्हाला जे हात धरून शिकवलं गेलं ते तुम्ही भिंतीवर टांगलं, एवढीच चूक झालीय, फार मोठी नाही.

मी परत आलो तेव्हा गल्लीत माझा सत्कार झाला आणि भाषणात डॉ. कोटणीसांचं नाव आलं, सोलापुरात परदेशी जाऊन आलेल्या कुणाचाही सत्कार असला तरी ते येतंच. मला मात्र मान वर करवेना. कोटणीस १९३८ ला चीनला गेले ते द्यायला, आणि १९४२ ला बत्तिसाव्या वर्षी तिथंच वारले. मी गेलो होतो घ्यायला, आणि भत्त्यातले पैसे वाचवून टेपरेकॉर्डर घेऊन आलेलो. पण त्यांची एक गोष्ट तुमच्या कामाची आहे. ते तिथं जाऊन चिनी शिकले आणि तिथल्या पोरांना त्यांच्याच भाषेत शिकवलं. तुम्हाला तर एवढं लांब जायचं पण नाही. तेलुगूत 'आपु' (थांबव) म्हटलं की मागावरचा प्रत्येक माणूस थांबतो, तिथं 'जिदोका' (बिघाड झाला की मशीननं आपोआप थांबणं) हा शब्द कशाला लागतोय?

आता मुख्य अडचणीकडं येतो, ती तुम्ही पत्रात लिहिलेली नाही पण मला दिसतीय. तुम्ही तिथं बघितलं असणार की धागा तुटला की माग आपोआप थांबतो, दिवा लागतो, कोणी ओरडत नाही, माणूस शांतपणे येऊन सांधतो. साकिची टोयोडांचा १९२४ चा आपोआप चालणारा माग याच्यासाठीच नावाजला, धागा तुटल्यावर तो स्वतः थांबायचा, आणि १९२९ ला इंग्लंडच्या प्लॅट ब्रदर्सनं त्याचे हक्क विकत घेतले, म्हणजे मागाच्या धंद्यात जगाला शिकवणाऱ्यांनी जपानकडून घेतलं. टोयोटाच्या मोटारी नंतर आल्या. हे सगळं भारीच आहे, पण तिथल्या कामगाराला महिन्याचा पगार आहे. आपल्याकडं नगावर मजुरी. माग थांबला की मजुरी थांबली. तुम्ही रोज सकाळी दहा मिनिटं मीटिंग घेता ना, ती दहा मिनिटं तुमच्या पगारातून जात नाहीत, त्यांच्या मजुरीतून जातात. मग ते 'जपान्या' म्हणणार नाहीत तर काय आरती ओवाळणार का?

म्हणून बोर्ड उतरवा, मीटिंग बंद करा. मालकांकडं जाऊन एवढंच मागा की एक माग, एक महिना, आणि त्या मागावरच्या माणसाची मजुरी मागच्या तीन महिन्यांच्या सरासरीनं पक्की, माग कितीही वेळ थांबला तरी. मालक मानतील, एका मागाचा प्रश्न आहे. मग त्या मागाखाली तुम्ही स्वतः आडवे व्हा. फडकं तुमच्या हातात पाहिजे, त्याच्या नाही. आणि माणूस कोणता निवडायचा ते पण सांगतो : तुम्ही दहा महिने नव्हता तेव्हा तुमचं काम कुणी ओढलं? कुणीतरी दोन पाळ्या केल्याच असतील. तुम्ही इमाबारीत शिकत होता ते त्या माणसाच्या जिवावर. सेन्सेईंचे उपकार तुम्हाला दिसतात कारण ते लांब आहेत, परदेशातले आहेत, हा बाबा रोज समोर तंबाखू मळत उभा असतो म्हणून दिसत नाही. त्याला एकदा तरी थँक्यू म्हटलंय का? मी नव्हतं म्हटलं. माझ्या जागी ज्यानं काम केलं तो पुढं मिल बंद झाल्यावर रिक्षा चालवायला लागला आणि मी त्याच्याच रिक्षात बसून सत्काराच्या गोष्टी सांगायचो. जाऊ दे.

अजून एक. इमाबारीत तुम्ही ती पाण्याची टेस्ट बघितली असेल, टॉवेलचा कापलेला तुकडा पाण्यावर टाकायचा आणि तो पाच सेकंदांच्या आत बुडायला पाहिजे, तरच इमाबारीचा शिक्का. मी हे वाचल्यावर घरी पातेल्यात पाणी घेऊन नव्या कोऱ्या टॉवेलचा तुकडा टाकला, तो होडीसारखा तरंगत बसला, बायको म्हणाली चांगला टॉवेल कापलात. तोच टॉवेल तीन वेळा धुतल्यावर तुकडा पटकन बुडाला. म्हणजे सुतात दोष नाही, धाग्याला लावलेली खळ नीट निघालेली नसते आणि दुकानात मऊ लागावा म्हणून शेवटी सॉफ्टनर मारलेला असतो, तो पाणी आत जाऊ देत नाही. ही टेस्ट करायला मशीन लागत नाही, पातेलं लागतं. बोर्डापेक्षा हे पातेलं ठेवा कारखान्यात, दुपारच्या सुट्टीत सगळे जमून बघतील, पैजा लावतील, आणि उद्या कांजीवाला (खळ लावणारा) नि प्रोसेसवाला (धुलाई-रंगाई करणारा) यांच्याशी भांडताना मालकांच्या हातात काहीतरी असेल. इमाबारीत टॉवेल विणायला लागले १८९४ ला, एकेकाळी ५०० च्या आसपास कारखाने होते, मग स्वस्त आयात मालानं धडाधड बंद पडले, तेव्हा कुठं २००६ च्या सुमाराला उरलेल्यांनी एकत्र येऊन एक शिक्का आणि टेस्ट ठरवली. आपल्याकडं चादर आणि टॉवेल दोन्हीला जीआय (भौगोलिक मानांकन) आहे, तरी 'सोलापुरी' नावाखाली कुठला कुठला माल विकला जातो ते तुम्हाला माहितीच आहे. यावर मी बोलायला लागलो तर कॉलम संपेल.

आता पाठवायचं काय. चादर पाठवा, एकच, आणि सोबत तुमच्या मागावरचा छोटा टॉवेल. टॉवेल द्यायला तिथं काही वाटत नाही, नवीन घरात राहायला गेलं की शेजाऱ्यांना, नवीन वर्षाला गिऱ्हाईकांना टॉवेल देतातच. फक्त चार नग पाठवू नका, चारचा उच्चार मरणासारखा होतो म्हणून टाळतात, आणि पांढरे रुमाल पण नकोत, ते ताटातुटीचे मानतात. फार भारी वस्तू घेऊ नका, कारण मिळालेल्या भेटीच्या साधारण निम्म्या किमतीचं परत पाठवायची त्यांच्यात रीत आहे, म्हाताऱ्या माणसाला उगाच खर्चात पाडाल. शेंगाचटणीचा मोह होणार, मला पण झाला होता, पण खायच्या वस्तू कस्टमच्या भानगडीत कधी पोचतात कधी नाही.

पत्रात कारखाना बदलला वगैरे फेकू नका. खरं लिहा की बोर्ड लावले, कोणी ऐकलं नाही, आता एक माग घेतलाय. ते हसतील, कारण त्यांच्याकडं पण पहिल्या दिवशी कुणी ऐकलं नसणार. नवीन वर्षाचं कार्ड तिथं एक जानेवारीला घरात पडतं, तुम्ही डिसेंबरच्या सुरुवातीलाच इथून टाका. मी सहा वर्षं नेमानं टाकलं, मग मिल बंद पडली, मी विचार केला जरा बस्तान बसू दे मग चांगली बातमीच कळवतो, आणि दोन वर्षं काहीच टाकलं नाही. तिसऱ्या वर्षी डिसेंबरात त्यांच्याकडून कार्ड आलं, करड्या किनारीचं. घरात कुणी गेलं असेल तर ते लोक नवीन वर्षाच्या शुभेच्छा घेत नाहीत, आधीच तसं कळवतात. खाली मुलीची सही होती.

प्रश्न : मला कंपनीनं जर्मनीला सहा महिने मशीनच्या ट्रेनिंगला पाठवलं, तीन वर्षांचा बाँड होता, तो येत्या मार्चला संपतोय. इचलकरंजीहून जवळपास दीडपट पगाराची ऑफर आहे. घरचे म्हणतात जा, पण मालक म्हणतात, 'तुला विमानात आम्ही बसवलं.' गेलो तर कृतघ्न ठरेन का?

उत्तर : नाही. बाँड पाळला ना तीन वर्षं? मग हिशेब पुरा झाला. त्या तीन वर्षांत तुम्ही शिकून आलेल्या कामावर कंपनीनं पण कमावलंच असेल, त्यांनी तुम्हाला काही तीर्थयात्रेला पाठवलं नव्हतं. उपकार मानायचे म्हणजे जन्मभर सालगडी राहायचं असं होत नाही. पण एप्रिलमध्ये एकदम चावी टाकून निघू नका. आत्तापासून दोन पोरं हाताखाली घ्या, जर्मनीत जे वहीत उतरवून आणलंय (आणलंय ना?) ते त्यांना मराठीत लिहून द्या, सेटिंगचे आकडे सुद्धा, लपवू नका. आपल्याकडं जुने जॉबर सेटिंग करताना पाठ करून उभे राहायचे, पोरांना दिसू नये म्हणून, माझे वडील पण त्यातलेच. आणि मालक बोलतील, बोलू द्या, निरोपाच्या दिवशी पेढे घेऊन त्यांच्याच केबिनमध्ये पहिल्यांदा जा. पगार वाढवून थांबवत असतील तर थांबायलाही हरकत नाही, इचलकरंजीपेक्षा सोलापूरचा उन्हाळा वाईट आहे एवढंच.

प्रश्न : मुलगा बारावी झालाय. जपानला 'ट्रेनिंग प्रोग्राम'मध्ये पाठवतो म्हणून एक एजंट तीन लाख मागतोय. पाठवू का?

उत्तर : जपानच्या ज्या टेक्निकल इंटर्न प्रोग्रामबद्दल तो बोलत असेल तो १९९३ पासूनचा आहे, भारताचा त्यात करार २०१७ ला झाला. नाव ट्रेनिंगचं असलं तरी ते पूर्ण वेळचं काम आहे, पगार आणि कामगार कायदा तिथला लागू होतो, पण आहे त्या कंपनीतून दुसरीकडं सहजासहजी जाता येत नाही, आणि याच तक्रारींमुळं जपाननं २०२४ मध्ये कायदा करून तो बंद करायचं ठरवलं, २०२७ पासून त्याच्या जागी नवीन पद्धत येतीय. त्यामुळं एजंट नक्की कशाबद्दल बोलतोय, जुन्या की नव्या, ते आधी विचारा. मुलं पाठवायची परवानगी ठरावीक संस्थांनाच असते, एनएसडीसीकडं (राष्ट्रीय कौशल्य विकास महामंडळाकडं) त्यांची यादी असते, त्यात याचं नाव बघा. मुलाला आत्ताच भाषेच्या क्लासला घाला, चार महिन्यांत कंटाळला तर तीन लाख वाचले. आणि पैसे द्यायच्या आधी कशाचे किती, ते लिहून पावती मागा. पावतीचं नाव काढल्यावर चहा मागवून विषय बदलायला लागला तर चहा पिऊन घरी या.