वाचकांचे प्रश्न : घरच्या स्टोरेज सर्व्हरसाठी ईसीसी रॅम

प्रश्न : एचपीचा जुना प्रोलायंट मायक्रोसर्व्हर जेन८ घेतला आहे. त्यासाठी लॅमिंग्टन रोडवरून ८ जीबीच्या दोन ईसीसी (मेमरीतल्या चुका ओळखून दुरुस्त करणाऱ्या) स्टिक आणल्या. ‘सर्व्हरची रॅम’ म्हणून त्या स्वस्तात मिळाल्या. स्लॉटमध्ये नीट बसतात, पण स्क्रीनवर काहीच येत नाही. लेबलवर ‘२आरएक्स४ पीसी३-१२८००आर’ असं आहे. स्टिक खराब निघाल्या का? (ठाणे)

उत्तर : स्टिक बहुधा ठणठणीत आहेत, पण त्या तुमच्या मशीनच्या नाहीत. घोटाळा लेबलाच्या शेवटच्या ‘आर’मध्ये आहे. ‘आर’ म्हणजे रजिस्टर्ड. अशा स्टिकवर मधोमध रजिस्टर नावाची चिप असते. प्रोसेसरकडून येणारे पत्ते आणि आज्ञा आधी तिच्याकडे जातात आणि एका क्लॉकच्या विलंबाने पुढे सरकतात. हा विलंब गृहीत धरून काम करणारा मेमरी कंट्रोलरच (प्रोसेसरमधला रॅम हाताळणारा भाग) हवा. जेन८मध्ये बसणारे सेलेरॉन, पेंटियम किंवा झिऑन ई३ प्रोसेसर तसे नाहीत. त्यामुळे बायोस अपडेट करून किंवा सेटिंग बदलून उपयोग नाही. डीडीआर३च्या दोन्ही प्रकारांना २४० पिनाच असतात आणि खाचही सारखीच असते, म्हणून चुकीची स्टिकसुद्धा बिनतक्रार बसते. तिचं नुकसान मात्र झालेलं नसेल. दुकानदाराला परत करा.

तुम्हाला हवी आहे अनबफर्ड (रजिस्टर नसलेली) ईसीसी, म्हणजे ‘पीसी३-१२८००ई’. ‘पीसी३एल’ असेल तर ती १.३५ व्होल्टची, १.५ व्होल्टवरही चालते, बिनधास्त घ्या. ‘२आरएक्स४’मधला शेवटचा ४ दिसला की तिथेच थांबा, कारण अशा ४ बिटांच्या चिपांच्या स्टिक जवळपास नेहमीच रजिस्टर्ड असतात. तुमच्यासाठी ‘२आरएक्स८’ योग्य. या मशीनला दोनच स्लॉट आहेत आणि एका स्लॉटची मर्यादा ८ जीबी. १६ जीबीची एकच स्टिक लावायचा विचार करू नका.

लेबल फाटलेलं असेल तर चिपा मोजा. ईसीसीत ६४ बिट डेटाच्या जोडीला ८ बिट तपासणीचे असतात, म्हणून एका रँकला (एकत्र काम करणाऱ्या चिपांच्या गटाला) ८ऐवजी ९ चिपा. दोन रँकच्या स्टिकवर दोन्ही बाजू मिळून १८. इथे एक बारकावा. अनबफर्ड ईसीसी स्टिकवरही आठ पायांची एक चिमुकली चिप असते, तिला रजिस्टर समजू नका. रजिस्टर बरंच मोठं असतं.

सर्वांत खात्रीचा मार्ग म्हणजे पार्ट नंबर. सॅमसंगमध्ये एम३९१ ही अनबफर्ड ईसीसी, एम३९३ रजिस्टर्ड आणि एम३७८ साधी. किंग्स्टनच्या जुन्या मालात केव्हीआर१६ई म्हणजे ईसीसी, केव्हीआर१६आर रजिस्टर्ड, केव्हीआर१६एन साधी. हायनिक्सच्या नंबरात ‘यू७’ शोधा. ‘आर७’ रजिस्टर्ड, ‘यू६’ साधी. विक्रेत्याला ‘ईसीसी आहे का’ असं विचारू नका. दोन्ही प्रकारांना तो खरंच ‘हो’ म्हणेल. लेबलचा स्पष्ट फोटो मागा. रजिस्टर्ड स्टिक स्वस्त मिळतात, कारण डेटा सेंटरमधून निवृत्त झालेल्या सर्व्हरांतून त्या ढिगाने बाजारात येतात. अनबफर्ड ईसीसी त्या मानाने दुर्मीळ, म्हणून महाग.

प्रश्न : रायझन ५ ५६००जी, बी५५० बोर्ड आणि किंग्स्टन केएसएम२६ईडी८/१६च्या दोन स्टिक अशी जुळणी केली आहे. ट्रूनास स्केल (स्टोरेज सर्व्हरची ऑपरेटिंग सिस्टीम) व्यवस्थित चालतं, बायोसमध्ये ३२ जीबी दिसते. म्हणजे ईसीसी चालू आहे ना? (पुणे)

उत्तर : नाही. तुमची रॅम अचूक आहे (नंबरातला ‘ई’ अनबफर्ड ईसीसीचा, ‘डी८’ म्हणजे दोन रँक आणि ८ बिटांच्या चिपा), पण प्रोसेसर अडतो. तुमच्या बोर्डाच्या एएम४ सॉकेटवर ग्राफिक्स असलेल्या प्रोसेसरांपैकी फक्त ‘प्रो’ मालिका ईसीसी वापरते. ५६००जीमध्ये स्टिक साध्या रॅमसारखी चालते, तपासणीचे ८ बिट नुसते पडून राहतात, आणि कुठेही इशारा येत नाही. रायझन ५ प्रो ५६५०जी घेतलात तर बाकी काही बदलावं लागणार नाही. साधा ५६०० चालेल, पण त्यात ग्राफिक्स नाही, निदान इन्स्टॉल करताना तरी कार्ड लावावं लागेल.

बोर्डाचं पानही नीट वाचा. काही कंपन्या ‘ईसीसी स्टिक चालतात’ असं लिहून पुढे बारीक अक्षरात ‘नॉन-ईसीसी मोडमध्ये’ असं जोडतात.

नवा प्रोसेसर बसवल्यावर कर्नलचा लॉग उघडून ‘ईडॅक’ (लिनक्सची मेमरीतल्या चुका नोंदवणारी यंत्रणा) शब्द शोधा. ‘डीरॅम ईसीसी एनेबल्ड’ अशी ओळ आली तर काम झालं. ‘डिसेबल्ड’ आली तर बायोसमधलं ईसीसीचं सेटिंग ‘ऑटो’वरून ‘एनेबल्ड’ करा. ‘डीएमआयडीकोड’ या हार्डवेअरची माहिती दाखवणाऱ्या आज्ञेत एकूण रुंदी ७२ आणि डेटा रुंदी ६४ दिसायला हवी, पण तेवढ्यावर विसंबू नका. ईडॅकची साक्ष जास्त भरवशाची.

प्रश्न : डीडीआर५मध्ये ईसीसी आतच असते, मग वेगळी कशाला? (मडगाव)

उत्तर : ती चिपच्या पोटातली दुरुस्ती आहे. चिप ते प्रोसेसर या वाटेवर बिघडलेला बिट तिला दिसत नाही, आणि आत काय दुरुस्त केलं तेही ती सिस्टीमला कळवत नाही. खऱ्या ईसीसीसाठी डीडीआर५लाही ईसीसीची वेगळी स्टिक लागते. इंटेलच्या बाराव्या ते चौदाव्या पिढीच्या निवडक डेस्कटॉप प्रोसेसरांना सोबत डब्ल्यू६८० चिपसेटचा बोर्ड लागतो. एक सोय आहे : डीडीआर५मध्ये रजिस्टर्ड आणि अनबफर्डच्या खाचा वेगळ्या असल्यामुळे ठाण्याच्या वाचकासारखी फसगत होत नाही.

प्रश्न : झेडएफएसला (ट्रूनासच्या फाइल सिस्टीमला) ईसीसी सक्तीची आहे का? आणि ३२ टीबीला ३२ जीबी रॅम लागतेच का? (नागपूर)

उत्तर : दोन्हींचं उत्तर नाही. टीबीमागे १ जीबी हा ढोबळ अंदाज आहे. घरच्या फाइल्सना १६ जीबी पुरते. डीडुप्लिकेशन (सारखा डेटा एकदाच साठवणं) चालू केलं तरच रॅमची भूक वाढते. ते बंदच ठेवा.

सक्ती नसली तरी ईसीसी घ्यावी, असं आमचं ठाम मत आहे. झेडएफएस चेकसम (डेटा पडताळण्याचा आकडा) काढतं ते रॅममध्ये आलेल्या डेटाचं. त्याआधीच एखादा बिट उलटला तर चुकीच्या डेटाला बरोबर चेकसम मिळतो, आणि पुढची कोणतीही स्क्रब (साठवलेल्या डेटाची पडताळणी) तो पकडू शकत नाही. बॅकअपमध्येही तोच बिघडलेला फोटो जातो. असं क्वचित घडतं, असंही समजू नका. गूगलच्या सर्व्हरांवर झालेला अभ्यास २००९मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात वर्षभरात ८ टक्क्यांहून अधिक स्टिकांवर चुका आढळल्या होत्या. मात्र पैसे एकाच गोष्टीला पुरणार असतील, तर आधी वेगळ्या डिस्कवरचा बॅकअप.

प्रश्न : ईडॅकच्या ‘सीई काउंट’मध्ये आकडा वाढतोय. काय करावं? (बेळगाव)

उत्तर : सीई म्हणजे दुरुस्त झालेल्या चुका, डेटा शाबूत आहे. महिन्यांतून एखादी दिसली तर नोंद ठेवा आणि सोडून द्या. रोज वाढत असेल तर मशीन बंद करून वायर काढा, स्टिकचे संपर्क आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा आणि दोन स्टिकांची अदलाबदल करा. चुका स्टिकबरोबर दुसऱ्या स्लॉटला गेल्या तर स्टिक बदला. त्याच स्लॉटला राहिल्या तर दोष स्लॉट, बोर्ड किंवा प्रोसेसरच्या बैठकीत आहे. ‘यूई काउंट’ शून्याहून वर गेला तर मात्र थांबू नका. ती न सुधारलेली चूक आहे. लिहिणं लगेच बंद करा, स्टिक काढा, आणि स्क्रब चालवायची ती दुसरी, तपासलेली रॅम बसवल्यानंतरच.