आधी विचार, पुरलं कुठे?

अनेक आशीर्वाद.

रवांडात समेटाच्या कामाला जाणार आहेस आणि पहिल्याच बैठकीत माफीचा कार्यक्रम ठेवला आहेस. तो काढून टाक. माफी शेवटी येते, काही घरांत कधीच येत नाही, आणि तो त्या घरांचा हक्क आहे.

१९९४च्या एप्रिलपासून साधारण १०० दिवसांत ८ लाखांच्या आसपास माणसं मारली गेली. बहुतेक तुत्सी समाजाची, आणि मारणारे बरेचसे त्यांचे हुतू समाजातले शेजारीच. पुढे तुरुंगांत १ लाखाहून जास्त आरोपी कोंबले गेले. नेहमीच्या कोर्टांना ते झेपणारं नव्हतं, म्हणून गावोगावी गाचाचा, म्हणजे गावकऱ्यांच्या न्यायसभा, बसल्या. २००२ला प्रायोगिक सुरुवात झाली, जून २०१२ला काम संपलं. न्यायाधीश गावानेच निवडलेले, बिनपगारी.

कबुली कशी हवी, हे २००४च्या कायद्याने सांगून ठेवलं होतं. ते पाठ कर. गुन्हा कुठे, केव्हा, कसा केला; पाहिलं कोणी; मेलं कोण; प्रेत कुठे टाकलं; नुकसान काय झालं; सोबत कोण होतं. हे सगळं सांगून झालं की मग जाहीर माफी. भाऊ संडासाच्या कुठल्या खड्ड्यात आहे हेच जिला ठाऊक नाही, तिच्याकडे माफी मागायची तरी कोणत्या तोंडाने?

कबुलीला शिक्षेत सूट होती, तिथेच घोळ झाला. अर्ध्यामुर्ध्या कबुल्या आल्या. साथीदारांची नावं विचारली की मेलेल्यांची आणि परागंदा झालेल्यांची निघत. पुरं सांगणाऱ्या साक्षीदारांना धमक्या आल्या, काहींचे जीव गेले. जमिनीच्या जुन्या भांडणातून खोटे आरोपही झाले. तोही सूडच, फक्त कोयत्याऐवजी साक्षीने घेतलेला. म्हणून एकाच तोंडावर कधी विसंबू नकोस. आरपीएफ, म्हणजे हत्याकांड थांबवून सत्तेवर आलेली तुत्सींच्या नेतृत्वाखालची संघटना; तिच्या सैनिकांनी केलेल्या हत्या गाचाचापुढे आल्याच नाहीत. ज्या हुतू घरांतली माणसं तशी गेली, ती घरं गप्प राहिली. त्यांचं दुःख मान, पण चारचौघांत बोलायला लावू नकोस. तिथे ते जोखमीचं आहे.

लुटीचा हिशेब मात्र लवकर घे. लुटीला शिक्षा नव्हती, फक्त भरपाई होती, आणि आपसांत मिटलं तर खटलाही नव्हता. पण फेडणारेच कंगाल, त्यामुळे कित्येकांच्या हाती काही आलं नाही. आपल्या घराचे पत्रे समोरच्या छपरावर रोज बघणारी बाई वैर विसरणार कशी? पैसे नसतील तर कामाचे दिवस ठरव: कोणत्या शेतात, किती दिवस. कागदावर लिही आणि दोघांसमोर वाचून दाखव.

एप्रिलमध्ये बैठक नको. ७ तारखेपासून शोकाचा आठवडा असतो. त्या दिवसांत काहींना इहाहामुका होतो: श्वास अडकतो, किंचाळी फुटते, माणूस पुन्हा १९९४मध्येच असतो. एरवीही समुपदेशक हजर असल्याशिवाय बैठक सुरू करू नकोस.

आणि परतीची वाट बघून ठेव. जिचं माणूस गेलं ती आणि कबुली देणारा, दोघांची घरं एकाच पायवाटेवर असतात. आधी तिला सोबत देऊन घरी पोचव. त्याला अर्ध्या तासाने निघू दे.