बाबा गेल्यापासून आईचं अंग सतत दुखतं, रिपोर्ट सगळे नॉर्मल. मालिशवाली बाई लावली तर खरंच फायदा होईल, की ते नुसतं मनाचं समाधान?

फायदा होईल. पण बाई लावण्याआधी तुम्ही स्वतः एक करून बघा, त्यासाठीच हे लिहिते आहे.

आई ७४ वर्षांच्या, दादरला एकट्या राहतात, तुम्ही दर रविवारी जाऊन येता आणि डॉक्टरांनी वयाचं दुखणं म्हणून गोळ्या दिल्यात, असं तुम्ही म्हणता. माझ्या आईचं अगदी हेच झालं होतं. मी तेव्हा पालिकेच्या रुग्णालयात नवजात बाळांच्या वॉर्डात सिस्टर होते. दिवसभर बाळंतिणींना सांगायचे, बाळाला उघड्या छातीशी धरून बसा. आणि घरी आल्यावर स्वतःच्या आईला दारातूनच विचारायचे, "जेवलीस का? गोळी घेतलीस?"

एकदा गिरगावच्या खोलीत तिला चहा देताना माझी बोटं तिच्या बोटांना लागली. तिने कप बाजूला ठेवला आणि माझा हात धरला. म्हणाली, "किती गार गं हात तुझा." आणि सोडेचना. मग आपणहूनच म्हणाली, कासार बांगड्या भरताना हात कसा दाबून दाबून मऊ करायचा, नाही? बाबा गेल्यापासून तिने बांगड्या भरल्या नव्हत्या. हळदीकुंकवाला कपाळावर टेकणारं बोट, मनगटावर अत्तर लावणारा हात, केसांत गजरा माळणारी शेजारीण, बाबांच्या पाठीला रोज रात्री बाम चोळणं, सगळं एकदमच थांबलं होतं. नवरा गेला तो गेलाच, पण त्याच्यामागे इतक्या जणींचे हातही गेले. कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड गावाने २०२२ मध्ये विधवा प्रथा बंद करायचा ठराव केला, तेव्हा मला पहिल्यांदा आईच्या त्या रिकाम्या मनगटाचीच आठवण झाली.

आता तुमचा "नुसतं मनाचं समाधान" हा प्रश्न. आपल्या कातडीत, विशेषतः लव असते त्या भागात, काही बारीक मज्जातंतू असे आहेत की ते हळुवार, सावकाश फिरणाऱ्या ऊबदार हाताला सगळ्यात जास्त प्रतिसाद देतात. हात सेकंदाला साधारण ३ सेंटीमीटर सरकला तर उत्तम. घाईघाईत चोळलं तर ते तितकेसे जागे होत नाहीत. त्यांचा निरोप मेंदूच्या भावनांशी संबंधित भागात पोचतो. म्हणजे मनाला बरं वाटतं ते शरीरातूनच.

वॉर्डात तर हे रोज दिसायचं. १९७८ साली कोलंबियातल्या बोगोटा शहरात इन्क्युबेटर पुरेनात, तेव्हा तिथल्या डॉक्टरांनी कमी वजनाची बाळं आयांच्या छातीशी बांधायला सुरुवात केली. तीच आजची कांगारू पद्धत. अमेरिकेत मानसशास्त्रज्ञ टिफनी फील्ड यांनी १९८६ साली ४० अपुऱ्या दिवसांच्या बाळांचा छोटासा अभ्यास प्रसिद्ध केला. निम्म्या बाळांना दिवसातून तीनदा १५ मिनिटं चोळून, हातपाय हलवून दिले, असं १० दिवस. दूध सगळ्यांना जवळपास सारखंच, पण चोळलेल्या बाळांची रोजची वजनवाढ बाकीच्या बाळांपेक्षा ४७ टक्के जास्त होती. बाळाला कुठलं आलंय मनाचं समाधान मानून घेणं?

येत्या रविवारी असं करा. आधी विचारा, "आई, हाताला तेल लावून देऊ?" नको म्हणाल्या तर आग्रह नको, नुसतं शेजारी खेटून बसा. हो म्हणाल्या तर कोपरापासून मनगटापर्यंत हात फिरवताना मनात आठ आकडे सावकाश मोजा, तेवढा वेळ लागू द्या. जोर अजिबात नको, या वयात कातडी पातळ होते. मग तळहात, एकेक बोट. टीव्ही बंद, मोबाइल दुसऱ्या खोलीत. पहिल्या दिवशी तुम्हालाच अवघडल्यासारखं होईल. आपल्याकडे मोठं झालं की आईला हात लागतो तो सणावारी वाकून नमस्कार करताना, तोही फक्त पायांना. माझी आई दुसऱ्या-तिसऱ्या रविवारी तिथेच खुर्चीत घोरायला लागली. दुखणं पार गेलं असं म्हणणार नाही. गुडघे शेवटपर्यंत दुखले. पण रात्री उठून बसणं कमी झालं, आणि फोनवर दुखण्याखेरीज दुसरं काही बोलू लागली.

तळपायाला काशाची वाटी घासायची असेल तर जरूर घासा, पण नंतर तेल-तूप स्वच्छ पुसल्याशिवाय त्यांना लादीवर पाय ठेवू देऊ नका. घसरून खुबा मोडलेल्या आज्या मी खूप पाहिल्यात. मधुमेहाने पाय बधिर झाले असतील तर वाटी नकोच.

बाई लावाल तेव्हा तिला हे आधीच बजावा: पाठीच्या कण्यावर जोर द्यायचा नाही, मान कडकड मोडायची नाही. हाडं ठिसूळ असतील किंवा रक्त पातळ व्हायची गोळी चालू असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय सुरुवात करू नका. आणि एकाच पायाची पोटरी सुजली, गरम लागली, दुखू लागली तर तिला हातसुद्धा लावू देऊ नका, सरळ दवाखाना गाठा. शिरेत रक्ताची गुठळी असेल तर चोळल्याने ती सुटून फुप्फुसात जाऊ शकते. बाई ठरवताना आईंना समोर बसवा. त्यांना तिचा हात आवडला पाहिजे, तुम्हाला नव्हे. आणि बाई आली म्हणून तुमचा रविवार सोडू नका.

तेल साधं खोबरेल चालेल. जानेवारीत पहाटे ते मुंबईतही गोठतं, तेव्हा बाटली पाच मिनिटं गरम पाण्यात उभी करा, आणि आधी आपल्या मनगटावर लावून बघा.