नागपूर-दिल्ली विमानात खिडकी कोणती घ्यावी

भाऊ, पहिल्यांदाच विमानात बसताय, तर नुसती ‘खिडकी द्या’ म्हणू नका. बाजू पाहून घ्या. दिल्ली उत्तरेला. सकाळी ऊन उजवीकडून डोळ्यांवर येतं, म्हणून डावीकडची ‘ए’ सीट घ्या. दुपार कलल्यावर उजवीकडची ‘एफ’. मधल्या रांगांत खाली पंखच दिसतो. पंखाच्या पुढची रांग मिळाली तर थोडे जास्त पैसे गेले तरी द्या, मी तर देतोच. मागे इंजिनाच्या गरम हवेनं दृश्य थरथरतं. एखाद्या रांगेला खिडकीऐवजी नुसती भिंत येते, म्हणून सीटचा नकाशा आधी बघाच.

दिवाळीच्या सुमारास गेलात तर फारच छान! सोयाबीन निघालेली वावरं मातकट, मधे कपाशी-तुरीचे हिरवे पट्टे, आपला मुलूख वरून पहिल्यांदा ओळखू येतो. लगेच सातपुडा, पुढे नर्मदा. तेवढा वेळ मोबाईल खाली ठेवा. पावसाळ्यात मात्र बहुधा ढगच.

काचेच्या खालच्या भागात बारीक छिद्र दिसेल, घाबरू नका. ते हवेच्या दाबासाठी मुद्दाम ठेवलेलं असतं. उंचावर त्याच्याभोवती बर्फाची नक्षी जमते, तीही बघा.