गोठ्यात पडलेले कोळपे

प्रश्न : आमचा लहान कारखाना सायकल कोळपी (चाकावर हाताने ढकलून पिकातले तण काढण्याची अवजारे) बनवतो. विक्रीनंतर आम्ही शेतकऱ्यांकडून अभिप्रायाचा अर्ज भरून घेतो. बहुतेक जण ‘चांगले आहे’ असेच लिहितात. तरीही पुढच्या हंगामात तेच कोळपे गोठ्यात पडलेले दिसते. वापरणाऱ्यांना सुधारणेत सहभागी करून घ्यायचे म्हणजे नेमके काय करायचे? (एक वाचक, सांगली जिल्हा)

उत्तर : पडून असलेले कोळपे आपल्या नजरेला आले, हे त्या सगळ्या अर्जांपेक्षा मोलाचे आहे. ‘जयपूर फूट’ हा कृत्रिम पायही अशाच न वापरलेल्या वस्तूंमुळे जन्माला आला. परदेशी धाटणीचे कृत्रिम पाय रुग्ण वापरेनासे होतात, हे जयपूरच्या सवाई मानसिंग रुग्णालयातील अस्थिरोगतज्ज्ञ डॉ. प्रमोद करण सेठी यांना दिसत होते. ते पाय बुटात घालण्यासाठी बनवलेले होते. घोटा वाकत नसल्यामुळे उकिडवे बसता येत नसे, मांडी घालता येत नसे आणि शेतातल्या चिखलात अनवाणी उतरणे तर दूरच राहिले. शालेय शिक्षण बेताचेच असलेले कारागीर रामचंद्र शर्मा यांनी १९६८ च्या सुमारास टायरच्या धंद्यातले रबर तापवून टिकाऊ करण्याचे तंत्र वापरून लवचीक पाऊल घडवले. रुग्ण, डॉक्टर आणि कारागीर एकाच आवारात असल्यामुळे पाऊल कुठे टोचते, कुठे अडते हे चालून पाहताच कळे आणि साचा बदलता येई. ‘घोटा तिन्ही दिशांनी वळावा’ असे कोणत्याही रुग्णाने अर्जावर लिहून दिले नसते.

अमेरिकेतील अभ्यासक एरिक व्हॉन हिपेल यांनी वैज्ञानिक उपकरणांतील १११ सुधारणांचा अभ्यास १९७६ मध्ये प्रसिद्ध केला. त्यांपैकी सुमारे ८० टक्के सुधारणांचा पहिला नमुना उत्पादकाने नव्हे, तर उपकरण वापरणाऱ्यांनीच तयार केलेला आढळला.

म्हणून कोळपणी ऐन भरात असताना आपल्या फिटरला पाने-हातोडीसह दिवसभर शेतावर पाठवावे. कुणी मुठीला चिंधी गुंडाळली असेल, कुणी पात्याला तारेचा वेढा दिला असेल, तर तो आपल्या कोळप्याच्या पुढच्या नमुन्याचा आराखडाच समजावा आणि बदललेले पाते त्याच हंगामात त्याच हातांत परत द्यावे. आणखी एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. अर्ज बहुधा घरातला पुरुष भरतो, पण कोळपे अनेकदा बाईच्या हाती असते. दांड्याची उंची तिला विचारून ठरवली होती का, हे आधी तपासावे.