माउथपीस हलतो, वरचे स्वर निसटतात

प्रश्न : माझा मुलगा शाळेच्या बँडमध्ये ट्रम्पेट वाजवतो. जुना माउथपीस हरवल्यामुळे आम्ही ‘७सी’ क्रमांकाचा नवा घेतला. परंतु तो बसवल्यावर किंचित हलतो. एका ज्येष्ठ वादकाच्या सल्ल्याने त्याच्या दांड्याला नळाची टेफ्लॉन टेप गुंडाळली. हलणे थांबले, मात्र आता वरचे स्वर निसटतात. सराव कमी पडतो आहे की दोष माउथपीसचा आहे? — एक पालक, नाशिक

उत्तर : मुलाला बोल लावण्याआधी ती टेप काढून टाकावी. ‘७सी’ हा क्रमांक ओठ टेकतात त्या वाटीची रुंदी आणि खोली सांगतो. वाद्यात शिरणाऱ्या दांड्याच्या मापाविषयी तो काहीच सांगत नाही. त्याच क्रमांकाचा माउथपीस कॉर्नेट या ट्रम्पेटसारख्याच वाद्यासाठीही मिळतो आणि त्याचा दांडा ट्रम्पेटच्या दांड्यापेक्षा बारीक असतो. दुकानात अशी अदलाबदल सहज होते, म्हणून प्रथम तीच शक्यता तपासावी. ट्रम्पेटचा माउथपीस साधारण २५ मिमी आत जाऊन घट्ट बसतो; कॉर्नेटचा त्याहून बराच आत जातो आणि तरीही डुलत राहतो.

आता टेपने नेमके काय बिघडवले ते पाहू. दांडा टोकाकडे निमुळता असतो आणि बहुतेक ट्रम्पेटमध्ये २० मिमी लांबीत त्याचा व्यास १ मिमीने बदलतो. त्यामुळे ०.१ मिमी जाडीचा एकच वेढा दिला तरी व्यास ०.२ मिमीने वाढतो आणि माउथपीस तब्बल ४ मिमी बाहेर येतो. सूर जेमतेम अर्धस्वराच्या विसाव्या भागाइतका उतरतो, तो ट्यूनिंग स्लाइड (सूर जुळवण्यासाठी आत-बाहेर सरकणारी नळी) आत सारून भरून काढता येतो. पण आत दांड्याचे टोक आणि नळीची सुरुवात यांच्यामध्ये जी फट राहते, ती स्लाइडने बदलत नाही. ही फट साधारण ३ मिमी असावी असे अनेक वादक मानतात. माझ्या मते नेमक्या आकड्याचा आग्रह धरण्यात अर्थ नाही, कारण वाद्यागणिक तो बदलतो. परंतु ३ ची ७ झाली, तर वरच्या सप्तकातील स्वर आपापल्या जागी पक्के बसत नाहीत आणि वादक नकळत ओठ अधिक दाबू लागतो. आपल्या मुलाचे नेमके हेच होत असावे.

माउथपीस ट्रम्पेटचाच निघाला, तर दांड्यावर मऊ पेन्सिल फिरवून तो आत घालावा, हलकेच पीळ द्यावा आणि बाहेर काढून पाहावे. रेघा सर्वत्र सारख्या पुसल्या गेल्या असतील, तर बसणे चांगले आहे. केवळ टोकाशी किंवा केवळ वाटीकडच्या बाजूला पुसल्या असतील, तर दांडा आणि तो ज्यात बसतो ती नळी यांचा उतार जुळत नाही. दांड्याचे टोकही निरखावे. माउथपीस एकदा फरशीवर पडला की ते चेपते (शाळेच्या बँडमध्ये तो पडतोच), पण दुरुस्ती करणारा निमुळत्या सळईवर ते पुन्हा गोल करून देतो.

यानंतर माउथपीस घेताना ट्रम्पेट सोबत न्यावा आणि तेथेच बसवून पाहावा. हलणारा माउथपीस घट्ट व्हावा म्हणून त्यावर तळहाताने थाप मारण्याची सवय मुलाला लागली असेल, तर ती सोडवावी, कारण त्याने तो अडकून बसतो. अडकलाच तर पक्कड लावू नये, नळीचे जोड निखळतात. तो सरळ ओढून काढण्याचे छोटे साधन दुरुस्तीच्या दुकानात असते.